सायकलीचा गिअर आणि कचेरीची वाट

कोथरूडहून चांदणी चौकाचा चढ ओलांडून बावधनची कचेरी सायकलीने गाठण्याचा बेत करणारा गृहस्थ बहुधा गिअरची सायकल खरेदी करतो आणि गिअर ही श्रम वाचविणारी यांत्रिक तजवीज आहे असे गृहीत धरतो. ही समजूत स्वाभाविक असली तरी यथार्थ नव्हे.

गिअर म्हणजे पायडलजवळच्या व मागील चाकाच्या दातेरी चक्रांतील दातांचे गुणोत्तर (एक संख्या दुसरीच्या किती पट आहे ते प्रमाण). पुढे ४४ आणि मागे २२ दाते असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात चाक दोनदा फिरून सायकल सुमारे ४ मीटर पुढे सरकते. दोहोंकडे २८ असल्यास जेमतेम २ मीटर; पहिला जड गिअर, दुसरा हलका. चढाची उंची आणि स्वाराचे वजन कायमच असल्याने एकूण कार्य (बल व अंतर यांचा गुणाकार) घटत नाही; धान्याचे पोते एकदम न उचलता पायली-पायलीने माळ्यावर चढवावे, तसे ते लहान हप्त्यांत विभागले जाते, इतकेच. म्हणूनच हलका गिअर घेण्यात कमीपणा नाही, आणि जड गिअर रेटण्याच्या पुरुषार्थाची वसुली पुढे गुडघ्यांकडूनच होते.

मात्र गिअर चढ लागण्यापूर्वी, पाय फिरते ठेवून पण दाब किंचित सैल करून बदलावा. भर जोरात खटका दाबल्यास ताणलेली चेन दात्यांवर करकरते, क्वचित उतरतेही, आणि मग कचेरीत काळ्या हातांनी हजेरी द्यावी लागते.