स्पॅनिश शिकताय? 'टेक'साठी आधी मराठीत विचार करा

शब्दकोशात इंग्रजी 'टेक' काढलं की 'तोमार' समोर येतं आणि नवशिके तेच सगळीकडे ठोकतात. खरं तर इथे मराठी माणसाचं काम सोपं आहे. इंग्रजी बाजूला ठेवा. औषध घेणं, निर्णय घेणं या दोन्हींना 'तोमार' चालतं. पण छत्री सोबत नेतो तेव्हा 'येवार', म्हणजे नेणं. वेळ लागतो तिथे 'तारदार'.

माझं लाडकं क्रियापद 'साकार', म्हणजे काढणं. 'साकार उना फोतो' म्हणजे फोटो काढणं! बँकेतून पैसे काढणं, सिनेमाची तिकिटं काढणं, दाढ काढणं, इतकंच काय, परीक्षेत चांगले मार्क काढणं, सगळीकडे हेच. दोन भाषांचा एवढा दूरचा संबंध, तरी जुळतंय बघा. (लॅटिन अमेरिकेत फोटोला 'तोमार'ही सर्रास वापरतात, त्यामुळे ते ऐकून गोंधळू नका.)

अर्थात प्रत्येक वेळी जुळेलच असं नाही. आपण फेरफटका मारतो, ते 'देतात': 'दार उन पासेओ'.

आणि बसबद्दल जरा जपून. स्पेनमध्ये बस पकडायला 'कोखेर' बिनधास्त म्हणतात, शब्दशः पकडणंच. तोच शब्द मेक्सिकोत किंवा अर्जेंटिनात चारचौघांत उच्चारलात तर लोक एक तर फिस्सकन हसतील, नाहीतर कान झाकतील, कारण तिथे त्याचा अर्थ चक्क अश्लील आहे. तिकडे बसलाही 'तोमार'च वापरा.