मॉरिशसचा पोपट आणि आपला पिंजरा

आपल्यातल्या कित्येक घरांच्या पडवीत आजही पोपटाचा पिंजरा टांगलेला दिसतो. मुले त्याला मिरची भरवतात, सलाम करायला शिकवतात. या पोपटाच्या जातभाईंची एक हकीकत आम्ही वर्गात सांगतो. ती आहे मॉरिशसची, जिथला डोडो पक्षी कायमचा संपला.

या बेटावर हिरवा 'एको' पोपट राहतो. जगात तो दुसरीकडे कुठेच नाही. जंगल तुटले, उंदीर-माकडांनी घरटी लुटली आणि १९८०च्या दशकात जेमतेम दहा-बारा पक्षी उरले. तेव्हा कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कमजोर पिल्ले घरट्यातून उचलून केंद्रात आणली, हाताने भरवून वाढवली आणि जंगलात सोडली. संख्या शंभराच्या वर गेली.

आणि २००४-०५ मध्ये चोच-पिसांच्या रोगाची साथ आली. सर्कोव्हायरस या विषाणूमुळे पिसे झडतात, चोच बिघडते, प्रतिकारशक्ती खचते. त्यावर औषध नाही. विष्ठेतून आणि पिसांच्या भुकटीतून तो पसरतो, झाडाच्या ढोलीत दीर्घकाळ टिकतो. पिल्लांना त्याचा धोका सर्वाधिक.

आता पेच पडला. जे हात पिल्लांना वाचवत होते, तेच एका घरट्यातला रोग दुसऱ्यात नेऊ शकत होते. म्हणून २००६ मध्ये पिल्ले उचलणे थांबवले. घरट्यांसाठी लाकडी पेट्या आणि जंगलात खाद्य, एवढीच मदत चालू ठेवली. एको तगला. २००७ मध्ये त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' यादीतून 'संकटग्रस्त' यादीत आली, पुढे २०१९ मध्ये धोका आणखी एक पायरी कमी झाला.

हाच विषाणू बेटावरच्या दुसऱ्या पोपटांतही सापडला. ते कोणते? आपल्या पडवीतल्या कंठवाल्या पोपटाच्याच जातीचे! एकोणिसाव्या शतकात ते तिथे पिंजऱ्यांतून सुटले आणि रानात वाढले. एकोच्या ढोल्याही ते बळकावतात.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा पोपट पकडणे, विकणे, पाळणे गुन्हा आहे. हे कळल्यावर काहीजण सवाबच्या भावनेने पिंजऱ्याचे दार उघडून देतात. नियत चांगली असते. पण आजारी पक्षी रानात गेला तर रोगही सोबत जातो, आणि पिंजऱ्यात वाढलेल्याला दाणा शोधता येतोच असे नाही. त्यापेक्षा वनविभागाला कळवावे. तपासणी करून पुढचे ते बघतील. आणि मुलांनी पोपटाचा हट्ट धरला, तर त्यांना सकाळी अंगणातल्या पेरूवर येणारे पोपट दाखवावेत.