बाकांऐवजी खुर्च्या : एका चर्चचा वारसा

धर्म माणसासाठी आहे, माणूस धर्मासाठी नाही, ही बाबासाहेबांनी दिलेली कसोटी आहे. ती केवळ या देशातील धर्मांपुरती नाही. तीच कसोटी लावून आम्ही आज अमेरिकेतील एका लहानशा चर्चकडे पाहत आहोत. सॅन फ्रान्सिस्को शहरात लायन आणि वॉशिंग्टन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर स्वीडनबोर्गपंथीयांचे चर्च उभे आहे. मंडळी १८५२ पासूनची, तर वास्तू १८९५ ची.

इमॅन्युएल स्वीडनबोर्ग (१६८८-१७७२) हा स्वीडनच्या खाण खात्यातील अधिकारी आणि वैज्ञानिक. पुढे त्याने स्वर्ग आणि नरक प्रत्यक्ष पाहिल्याचा दावा केला. बुद्धिप्रामाण्य मानणाऱ्या आम्हांस तो दावा मान्य होण्याचे कारण नाही. परंतु त्याच लेखनात दोन विचार ठामपणे येतात. कृतीवाचून श्रद्धेला किंमत नाही. आणि सदाचाराने जगणारा माणूस कोणत्याही धर्माचा असो, त्याला मुक्तीचे दार बंद नाही. स्वीडनबोर्गने स्वतः पंथ काढला नाही. त्याच्या मृत्यूनंतर, १७८७ साली, लंडनमध्ये अनुयायांनी तो संघटित केला.

या विचाराचे काय झाले? कार्ल बर्नहार्ड वाडस्ट्रॉम हा त्याचा स्वीडिश अनुयायी पश्चिम आफ्रिकेत जाऊन आला आणि १७८८ साली त्याने ब्रिटनमध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्ध साक्ष दिली. व्हर्जिनियातील बडा जमीनदार रॉबर्ट कार्टर हा बाप्टिस्ट पंथातून स्वीडनबोर्गच्या विचारांकडे वळला. १७९१ साली त्याने आपल्या साडेचारशेहून अधिक गुलामांना टप्प्याटप्प्याने मुक्त करण्याचा दस्तऐवज न्यायालयात नोंदवला. वकिली करणाऱ्या आम्हांला याचे मोल विशेष वाटते. प्रवचनातली करुणा हवेत विरते. नोंदवलेला दस्तऐवज वारसांनाही बांधतो.

आता सॅन फ्रान्सिस्कोच्या वास्तूकडे वळू. धर्मोपदेशक जोसेफ वूस्टर यांनी ती ए. पेज ब्राऊन यांच्या कार्यालयाकडून उभारून घेतली. आत जाण्याची वाट बागेतून आहे. छताला मॅड्रोन झाडांचे सालासकट खोडांचे आधार, भिंतीत शेकोटी, विल्यम कीथ यांची निसर्गचित्रे. आणि बाकांच्या जागी लव्हाळ्याने विणलेल्या बैठकीच्या साध्या लाकडी खुर्च्या. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील अनेक चर्चमध्ये बाके भाड्याने दिली जात. पैसेवाला पुढे, गरीब मागे, काळा माणूस वरच्या सज्जात. कोण कुठे बसतो, यावरूनच त्याची पायरी कळे. ही उतरंड आपल्याला नवी आहे काय? म्हणूनच या सुट्या, एकसारख्या खुर्च्यांकडे आमचे लक्ष जाते.

या पंथाचा बौद्ध जगाशीही संबंध आला. १८९३ च्या शिकागो सर्वधर्म परिषदेची कल्पना मांडणारे चार्ल्स बॉनी हे स्वीडनबोर्गपंथीय वकील होते. त्याच परिषदेत अनागारिक धर्मपाल बौद्ध धम्माच्या वतीने बोलले. हर्मन व्हेटरलिंग या स्वीडनबोर्गच्या अभ्यासकाने १८८८ साली कॅलिफोर्नियातून ‘द बुद्धिस्ट रे’ हे मासिक काढले. जपानचे बौद्ध विद्वान डी. टी. सुझुकी यांनी स्वीडनबोर्गचे ग्रंथ जपानी भाषेत नेले.

मात्र हुरळून जाण्याचे कारण नाही. १७८७ साली संघटित झालेल्या या पंथाच्या अमेरिकन शाखेत पहिल्या स्त्रीला, डोरोथिया हार्वे यांना, धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली ती १९७५ साली. म्हणजे १८८ वर्षांनी! समलिंगी असल्याचे उघड सांगणाऱ्या व्यक्तीला ती मिळाली १९९७ साली. १८९० मध्ये याच पंथातून एक परंपरानिष्ठ गट वेगळा झाला होता. ग्रंथ तेच, ग्रंथकार तोच. तरी एक शाखा पुढे चालली आणि दुसरी मागे राहिली. याचा अर्थ उघड आहे. ग्रंथातील समता आपोआप व्यवहारात उतरत नाही. प्रत्येक पिढीला ती ठरावाने, मताने आणि प्रसंगी भांडणाने उतरवावी लागते.

१९०६ च्या भूकंपातून ही वास्तू वाचली. २००४ साली तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला. आज अनेक जोडपी तिथे विवाहासाठी येतात. पण सरकारी दर्जा लाकडाचे आणि काचेचे रक्षण करतो, विचाराचे नाही. खुर्च्या जपल्या आणि त्यांवर बसण्याचा सर्वांचा हक्क जपला नाही, तर उरते ते फक्त संग्रहालय.

आपण गावोगावी विहारे बांधली. घामाच्या पैशातून बांधली, याचा आम्हांला अभिमान आहे. पण विहाराच्या विश्वस्त मंडळात स्त्रिया किती? तिथे अभ्यासिका चालते काय? की वर्षातून तीनदा कुलूप उघडते? वारसा म्हणजे काय, याचे उत्तर या प्रश्नांतच आहे. ते ज्याने त्याने आपल्या वस्तीत शोधावे.