गोल्फ पिशवी, जलाभेद्य
गोल्फच्या काठ्या, चेंडू इ. साहित्य ठेवण्याची उभी पिशवी. नियमांनुसार एका फेरीत जास्तीत जास्त १४ काठ्या बाळगता येतात. स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या मैदानांवर वाऱ्यासह पाऊस नेहमीचाच. काठीची मूठ भिजल्यास ती हातात फिरते व फटका चुकतो. पिशवी बहुधा पॉलियुरेथेनाचा लेप दिलेल्या नायलॉनाची किंवा पॉलिएस्टराची असते. पाणी मात्र कापडापेक्षा शिवणीच्या छिद्रांतून व चेनीतून अधिक शिरते; तेव्हा शिवणींवर आतून पट्टी चिकटविलेली असल्याखेरीज तिला जलाभेद्य म्हणणे धाडसाचेच होय. पायी खेळणाऱ्यास दोन्ही खांद्यांवर पट्टे व दुमडते पाय असलेली, सुमारे २ ते २·५ किग्रॅ. वजनाची पिशवी सोयीची असते. गाडीतून फिरणाऱ्यास वजनाची फिकीर नसते. पण मागे बांधलेल्या पिशवीचे तोंड बहुधा छताबाहेर राहते, म्हणून तिला टोपण हवेच.