बारा नंबरचा उलटा माणूस

नीटचा निकाल लागला. कटऑफ, कोटा, कुणाच्या क्लासचे किती, हे सगळं तुमच्या फोनवर येऊन गेलंच असणार, ते सोडून देतो. मृग लागला आणि पाऊस नाही, हेही मराठवाड्यात कुणाला नव्यानं सांगायला नको. मला लिहायचंय ते या दोन बातम्या ज्या एकाच ओसरीत येऊन बसल्या तिच्याबद्दल.

ओसरी अहमदपूरची, आमच्या शेजारची. मुलीला मार्क कमी पडले. पुढचं वर्ष पुन्हा लातूरला खोली करून रिपीटर म्हणून बसायचं, की मिळेल त्या बीएस्सीला नाव घालायचं? बापाच्या डोक्यात वेगळंच: सोयाबीनचं बियाणं आणून ठेवलंय, आभाळ रोज भरून येतं आणि कोरडंच जातं; पेरून मोकळं व्हावं का? बापानं कुणाला विचारलं नाही. मुलीनं मात्र आपला प्रश्न इन्स्टाग्रामवरच्या एका टॅरोवाल्या ताईंना विचारला. एक प्रश्न, एक पत्ता, पैसे आधी.

पत्ता आला बारा नंबरचा, ‘द हँग्ड मॅन’. ताई हिंदीत समजावून सांगत होत्या. त्यात ‘फाँसी’ हा शब्द स्वयंपाकघरात आईच्या कानावर पडला आणि तिनं बाहेर येऊन फोनच काढून घेतला. आमच्या लातूर जिल्ह्यात हा शब्द कुणी सहज बोलत नाही. निकालाच्या आठवड्यात तर नाहीच. पत्ता काढणाऱ्यांना हे कळायला भविष्य दिसावं लागत नाही.

तसं पाहिलं तर पत्त्यावरचा माणूस फासावर गेलेलाच नाही. तो उजव्या पायाच्या घोट्यानं टांगलाय, डावा पाय गुडघ्यात मुडपून मागं घेतलाय, हात पाठीमागं. ज्या लाकडाला टांगलाय त्याला हिरवी पानं फुटलेली आहेत. डोक्याभोवती आपल्या संतांच्या चित्रात असते तशी प्रभावळ, आणि चेहरा शांत. आईनं काढून घेतलेला फोन टेबलावर तसाच चालू पडला होता. समोरच्या बाजूनं, म्हणजे उलटीकडून, बापानं वाकून बघितलं आणि म्हणाला, “अगं माय, ह्यो तर नाचायलाय की!”

बाप दहावीही शिकलेला नाही. पण १७८१ साली पॅरिसमध्ये आंत्वान कूर द जेबलँ नावाच्या विद्वानानं जवळपास हेच म्हटलं होतं. त्याचं म्हणणं असं की हा माणूस टांगलेला नव्हेच. एक पाय उचलून, पुढचं पाऊल कुठं टाकावं याचा अंदाज घेत उभा असलेला हा ‘विवेक’ आहे. अडाणी छापणाऱ्यानं चित्र उलटं छापलं, एवढंच. याच गृहस्थानं टॅरो हे प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचं गुप्त ज्ञान आहे असंही ठोकून दिलं. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा जगात कुणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळं खोडून काढणार कोण? पुढच्या काही वर्षांतच पॅरिसमध्ये टॅरोवरून भविष्य सांगण्याचा धंदा उभा राहिला. आज पुण्यामुंबईत जे चालतं त्याची गंगोत्री ही.

मग त्याआधी हे पत्ते काय करत होते? खेळायचे. या एका उत्तरासाठी ऑक्सफर्डच्या एका प्राध्यापकानं आयुष्याची कित्येक वर्षं घातली. मायकेल डमेट. तर्कशास्त्राचा प्राध्यापक, भाषेच्या तत्त्वज्ञानातलं मोठं नाव. ब्रिटनमधल्या वर्णद्वेषाविरुद्ध लढण्यासाठी यानं काही काळ तत्त्वज्ञान बाजूला ठेवलं होतं. ज्या फ्रेगे या जर्मन तर्कपंडितावर आयुष्यभर काम केलं तो ज्यूद्वेष्टा होता हे त्याच्या डायरीतून कळल्यावर बसलेला धक्का यानं आपल्याच पुस्तकाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवला. तर असा हा खरं ते खरं म्हणणारा माणूस १९८० साली टॅरोवर जाडजूड ग्रंथ काढतो, आणि त्यात भविष्य जवळपास नाहीच. आहेत ते खेळाचे नियम: इटलीतल्या कुठल्या शहरात किती पत्ते, कोण कुणाला मारतो, गुण कसे मोजायचे.

त्याचा निष्कर्ष सरळ आहे. १४४० च्या सुमारास उत्तर इटलीत नेहमीच्या चार रंगांच्या पत्त्यांत चित्रांचे हुकूम वाढवले गेले. पुढं ठरलेल्या संचात ५६ साधे पत्ते आणि २२ चित्रं, मिळून ७८. साडेतीनशेच्या आसपास वर्षं लोक हा डाव खेळले. फ्रान्समध्ये अजून खेळतात. त्या डावात बारा नंबरचा अर्थ काय? तो अकराला मारतो आणि तेरापुढं मरतो. बस्स.

म्हणजे चित्राला अर्थच नव्हता असं मात्र नाही. इटलीत त्या पत्त्याचं जुनं नाव ‘गद्दार’. गद्दार पळून हाती लागला नाही तर त्याचं उलटं टांगलेलं चित्र भर चौकात भिंतीवर रंगवायचं, अशी तिथल्या शहरांची शिक्षा होती. गाढवावरून धिंड काढावी तसं, फक्त गाढवावरचा माणूस गैरहजर. १४१२ साली सरदार मुझिओ आत्तेंदोलो स्फोर्झा हा पोपची चाकरी सोडून शत्रूला मिळाला, तेव्हा त्याची अशी चित्रं रोमच्या वेशींवर आणि पुलांवर लागली. वर त्याला शेतकरी म्हणून हिणवलं. शिवी काय, तर शेतकरी! पुढं त्याचाच मुलगा मिलानचा ड्यूक झाला आणि त्या घराण्यासाठी सोनेरी वर्खाचे टॅरो पत्ते रंगवले गेले. त्या पत्त्यांत उलटा माणूस आहेच. बापाची बदनामी पोराच्या पत्त्यांत.

मग गद्दाराचा साधू कसा झाला? डिसेंबर १९०९ मध्ये लंडनमध्ये रायडर कंपनीनं नवा संच काढला. कल्पना आर्थर वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या तरुण चित्रकर्तीची. आज भारतात ज्या चित्रांवरून रील निघतात ती बहुतेक हिचीच. प्रभावळ, पालवी, शांत चेहरा हे सगळं या दोघांनी पक्कं केलं. वेट यांनी तर लिहून ठेवलं की चेहऱ्यावर वेदना नाही, तंद्री आहे. पामेलाच्या हाती पैसे फारच थोडे पडले. १९५१ साली ती कर्जातच वारली.

म्हणजे एकाच पत्त्याचे अर्थ: गद्दारी, विवेक, तंद्री, आणि आता अहमदपूरच्या ओसरीत “रुक जाओ, थोडा वेट करो”. ताईंनी आईला घाबरलेलं बघून हा शेवटचा अर्थ आणखी गोड करून सांगितला. इथंच मला गंमत वाटते. पत्ता काही म्हणत नाही, तो म्हणवून घेतो. बाजारातला पोपटवाला जोशी पाकीट काढायचा, त्यात मारुती निघो की लक्ष्मी, तो आधी तुमच्या चपला बघायचा आणि मग बोलायचा.

कुंडलीला निदान परीक्षेला बसवता येतं. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी २००८ साली ती घेतली होती: हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या प्रत्येकी शंभर पत्रिका, ज्योतिषांना प्रत्येकी ४० वाटल्या, ओळखा म्हटलं, २७ जणांची उत्तरं आली. सरासरी ४६ टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तर थोडे जास्तच आले असते. टॅरोला असं बसवणार कुठं? “थांबा” हे उत्तर कधी चुकतच नाही. थांबलेल्याला ते बरोबर वाटतं, न थांबलेल्याला “तेव्हाच सांगितलं होतं”.

कायदाही मदतीला येत नाही. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यातून ज्योतिषी, नंदीबैलवाले, वास्तूचा सल्ला देणारे आणि जमिनीतलं पाणी सांगणारे पाणाडे यांचा सल्ला वगळलेला आहे. पाणाड्याला तर आम्ही स्वतःच पैसे मोजलेत. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात तळहातावर नारळ घेऊन फिरणारा माणूस आमच्याही शेतात येऊन गेला. नारळ उभा राहिला, बोअर कोरडं गेलं. तेव्हा मुलीला हसायचा अधिकार मला किती, हे मला माहीत आहे.

तरी एक फरक आहे. बापालाही त्या आठवड्यात “थांबा” हाच सल्ला मिळाला होता, परभणीच्या कृषी विद्यापीठाचा. पण त्यात आकडा होता: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका. किती थांबायचं, कशासाठी आणि कधी उठायचं, हे त्यात आहे. बारा नंबरच्या माणसाला कुणी कधी खाली उतरवणार, हे पत्त्यावर कुठंच नाही. मुलीनं विचारलं असतं की गेल्या वर्षी रिपीटर बसलेल्या किती मुलींचे मार्क किती वाढले, तर तो आकडा लातुरातल्या ज्या त्या क्लासकडून मागून घेता आला असता. पण अठराव्या वर्षी, निकालाच्या रात्री, आकड्यांचाच तर कंटाळा आलेला असतो. ताई निदान पाऊण तास तिच्याशी बोलल्या. घरात तितका वेळ कुणी बोललं नव्हतं, मीही नाही.

आपल्याकडेही सावंतवाडीला गंजिफा आहेत: गोल पत्ते, दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, मिळून १२०. आकडी पत्त्यांत अर्ध्या रंगांत दश्शी भारी, अर्ध्यांत एक्का. मत्स्य आला म्हणून कोकणात कुणी परगावचा प्रवास रद्द केल्याचं ऐकिवात नाही. देव पत्त्यावर होते, तरी डाव डावच राहिला. आपल्या गंजिफांना जेबलँ भेटला नाही.

शुक्रवारी रात्री पाऊस पत्र्यावर जोरात वाजला. सकाळी बाप शेतात जाऊन, मातीत बोटं घालून आला: ओल चार बोटंसुद्धा गेलेली नाही. बियाण्याच्या पिशव्या अजून ओसरीतच आहेत. मुलीनं मधल्या काळात आणखी दोनदा पत्ता काढला. पहिला सांगितला, दुसरा सांगत नाही.