साक्षात्काराची पारख : केडगाव, १९०५

त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या समाधीला जाणाऱ्या वारकऱ्याला ब्रह्मगिरीची कथा पाठ असते. वाट चुकलेला निवृत्ती गुहेत शिरला, तिथे गहिनीनाथ भेटले, उपदेश मिळाला. पुढे हेच धन त्यांनी धाकट्या भावाला दिले आणि ज्ञानदेवांनी ते मांडले गीतेवरच्या टीकेतून. गुहेतला अनुभव स्वतंत्र पोथी होऊन बसला नाही, ग्रंथाचा हात धरून लोकांपुढे आला.

अनुभव आणि ग्रंथ यांचे नाते काय, हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीतही पहिल्या शतकापासून आहे. कुणी उठून म्हणाले, ‘देवाने मला आज असे सांगितले’, तर इतरांनी काय करावे? इथे ज्योतिष अभिप्रेत नाही. संदेष्टा म्हणजे देवाचा निरोप सांगणारा. निरोप भविष्याबद्दलच असतो असे नाही.

महाराष्ट्रात हा प्रश्न उभा राहिला पुणे जिल्ह्यातल्या केडगावी, पंडिता रमाबाईंच्या मुक्तिसदनात. दुष्काळातून आणलेल्या मुली आणि विधवा तिथे राहत. १९०५ च्या जूनअखेरीस प्रार्थनेची एक लाट उसळली. एका मुलीच्या अंगावर ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी बादलीभर पाणी आणायला धावली, आणि ओतणार तोच तिला कळले की मुलगी जळत नाही, असे त्या वेळच्या वृत्तांतात आहे. मुली तासन्‌तास रडत, पापे कबूल करत. पुढे काहीजणी न शिकलेल्या भाषांत बोलू लागल्या. १९०६ पासून अमेरिकेत लॉस एंजेलिस इथेही असेच घडत होते. तिकडे त्याबरोबर एक सिद्धान्तही मांडला जात होता : जो अशा भाषा बोलतो, त्यालाच पवित्र आत्म्याचा बाप्तिस्मा मिळाला, बाकीच्यांना नाही.

विचार करा, केडगावात याचा अर्थ काय झाला असता? समाजाने एकदा अशुभ ठरवलेल्या बायकांत पुन्हा वरची आणि खालची अशा दोन ओळी.

रमाबाईंनी मुलींचा अनुभव खोटा म्हटला नाही. पण १९०७ साली त्यांनी स्पष्ट लिहिले की, भाषा बोलणे हे एक चिन्ह असेल, ते एकमेव आणि अनिवार्य चिन्ह आहे याला शास्त्राचा आधार नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राचा बारावा अध्याय काढून पाहावा. सर्वांना एकच दान मिळत नाही, हाच तिथे पौलाचा मुद्दा आहे.

अशी पारख करणे ही अश्रद्धा नव्हे. थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पौल संदेशांना तुच्छ लेखू नका म्हणतो आणि लगेच सगळे पारखून घ्या असेही बजावतो. बिरुयाचे लोक तर खुद्द पौलाचे बोलणे शास्त्राशी ताडून पाहत, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली आहे. सर्वांत कडक कसोटी जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाची. अठराव्या अध्यायात साधा नियम आहे : सांगितलेले घडले नाही, तर तो निरोप देवाचा नव्हे. तेराव्या अध्यायातली अट मात्र अवघड. चमत्कार खरा ठरला, तरी तो माणूस दुसऱ्या देवांकडे नेत असेल तर ऐकू नये. म्हणजे चमत्कार घडला एवढ्याने शिकवण खरी ठरत नाही! बुवाबाजीच्या आपल्या मुलखात हे वाक्य कुणीही ध्यानात ठेवावे, धर्म कोणता का असेना.

यावर सर्व ख्रिस्ती एकमताचे आहेत असे नाही. संदेशाचे दान प्रेषितांबरोबरच संपले, असे काही प्रॉटेस्टंट मानतात. पेन्टेकॉस्टल मंडळींच्या मते ते आजही आहे, पण बायबलच्या अधीन. कॅथलिक चर्च खासगी साक्षात्कार तपासून मान्य करते. मात्र मूळ प्रकटीकरणात त्याने भर पडत नाही, असे सांगते.

राहिला प्रश्न, पारख करणार कोण? शास्त्र परक्या किंवा जड भाषेत असेल तर ते काम वाचणाऱ्या मोजक्यांच्याच हाती राहते. रमाबाई याच काळात मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणत होत्या. या कामाला त्यांची सुमारे अठरा वर्षे गेली. खिळे जुळवून ते छापणाऱ्या मुक्तिसदनातल्याच बायका होत्या. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले.