कारण न देता

इथे अमेरिकेत, एडिसनमध्ये, ओळखीतली मुलं नोकरीचं पत्र हातात पडलं की माझ्याकडे येतात. पगाराचा आकडा त्यांना तोंडपाठ असतो. मी आधी ‘अ‍ॅट-विल’चं कलम शोधते. कंपनी कधीही, कारण न सांगता काढू शकते आणि तुम्हीही तसेच सोडू शकता, असं ते कलम म्हणतं. मोंटाना वगळता अमेरिकेत सगळीकडे हेच गृहीत धरतात. मोंटानात १९८७च्या कायद्यामुळे परिवीक्षा संपली की सबळ कारण लागतं.

तरी कंपनीला मोकळं रान नाही. वंश, धर्म, लिंग यांवरून काढणं बेकायदा. खोटी साक्ष द्यायला नकार दिला म्हणून काढलेल्या कर्मचाऱ्याची बाजू कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने १९५९ सालीच उचलून धरली.

पण एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आलेल्यांची नोकरी गेली, की जास्तीत जास्त ६० दिवसांत नवी कंपनी शोधा, व्हिसा बदला, नाहीतर गाशा गुंडाळा. भाड्याचं घर, मुलांची शाळा, सगळंच टांगणीला. याला बरोबरीचा करार म्हणायला माझं मन धजत नाही. म्हणून मुलांना बजावते: जॉइनिंग बोनस नीट वाचा. वर्षाच्या आत सोडलं तर तो परत करायचा, असं बऱ्याचदा लिहिलेलं असतं. कंपनीनेच काढलं तर काय, हे सही करण्याआधी लेखी मागून घ्या.